पाळण्यातला भोपळा

सिंधूताईला पहिली मुलगी झाली ते साल शहाण्णव. बाळंतपणाला जपानला जायला आई तयार होईना, समुद्रावरून विमान जातं म्हणून. तेव्हा मला पाठवलं. मी सव्वीसची, लग्नाची राहिलेली. शाळा दुसरीतच सुटली होती. बघायला आलेली मंडळी बोलत बोलत तिथवर आली, की चहा संपवून उठायची.

ताई आणि उदयभाऊजी योकोहामाला राहत. बारशाला पाळणा हवा होता, आणि आमच्या ओळखीच्या साऱ्या मराठी घरांत मिळून सागवानी पाळणा एकच. ज्या घरी बाळ, त्या घरी तो जायचा. त्या वर्षी तो कोबेला गीताकाकूंकडे होता. काकूंचा नियम होता, पाळणा घरातल्या बाईच्या हाती द्यायचा, ड्रायव्हरच्या नाही. ताई बाळंतीण. म्हणून मी निघाले.

गाडी विश्वनाथची. एका सिंधी व्यापाऱ्याकडून तांदूळ, डाळी, मसाले घरोघर पोचवायचं त्याचं काम, कोबेची फेरी असायचीच. मूळचा मिरजेचा. पोतं खांद्यावर घेऊन जिना चढायचा आणि खालच्या पायरीपासून "ताई, तूरडाळ!" असं ओरडत यायचा. मी दार उघडलं, की ते ओरडणं अर्ध्यावर थांबायचं. एवढीच आमची ओळख.

जाताना दिवसभर तो रस्ता बघत राहिला आणि मी खिडकी. रात्री मी काकूंकडे राहिले, तो व्यापाऱ्याच्या गोदामात. सकाळी पाळणा गाडीत चढवताना कळलं, की त्याचे नट-बोल्ट गंजून बसलेत. खांब सुटेनात. शेवटी तो उभाच्या उभा मागे बांधला. काकूंनी मला हळदीकुंकू लावलं आणि परसातला लाल भोपळा मांडीवर ठेवला.

कोबे सुटलं. बारीक पाऊस लागला होता. थोड्या वेळाने मागून आवाज यायला लागला... कुईं, कुईं. मी वळून बघितलं.

"थांबा! गाडी थांबवा!"

विश्वनाथने घाबरून गाडी कडेला घेतली. "काय झालं? काही राहिलं का?"

"पाळणा हलतोय."

"हलेल की. गाडी हलतेय."

"अहो, रिकामा हलतोय! बाळाच्या पोटात दुखतं तिकडे."

"तिकडे? योकोहामाला?" तो हसायच्या बेतात होता, पण माझं तोंड बघून हसला नाही. मागे गेला, दोरी आवळून बघितली. पाळणा कसला ऐकतोय! मग माझ्या मांडीकडे बघून म्हणाला, "तो भोपळा द्या इकडे."

भोपळा पाळण्यात ठेवला. तो गडगडायला लागला, तेव्हा मी माझी शाल काढून त्याला नीट गुंडाळली, डोक्यापासून. पाळणा झुलत राहिला. आता माझी हरकत नव्हती.

पुढच्या टोलनाक्यावर पांढरे हातमोजे घातलेले एक आजोबा बसले होते. पैसे घेता घेता त्यांची नजर मागे गेली. त्यांनी आवाज एकदम खाली आणला, काहीतरी विचारलं. विश्वनाथ म्हणाला, "हाय," म्हणजे हो. आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं, मान लववली आणि गाडी अलगद ने, अशी खूण केली.

"काय म्हणाले?"

"बाळ का, म्हणाले."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मग काय सांगू? भोपळा झोपलाय?"

मी पदर तोंडाला लावून हसले. तोही हसला. मग रस्त्याकडेच बघत म्हणाला, "त्यांना वाटलं... आपलंच आहे."

मी खिडकीची काच पुसायला लागले. पाणी बाहेरून होतं, तरी आतूनच पुसत बसले.

हसू ओसरलं तशी मला रविवारची आठवण झाली. पुण्याच्या नंदकिशोर यांचं स्थळ आलं होतं. पहिली बायको वारलेली, स्वतःचं दुकान. 'मुलगी शिकलेली नाही, पण चालवून घेऊ,' असा त्यांचा निरोप होता. ताई म्हणाली होती, "प्रभे, याहून चांगलं येणार नाही." मलाही तेच वाटत होतं. रविवारी फोन येणार आणि मी हो म्हणणार, असं ठरलेलं होतं.

दुपारी एका मोठ्या तळ्याकाठच्या थांब्यावर जेवायला उतरलो. तिथे ऑर्डर घ्यायला माणूस नाही, मशीन. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी येते, ती खिडकीत द्यायची. विश्वनाथने न बघता दोन बटणं दाबली. "वरून दुसरी ओळ, तिसरं बटण. भाजीचे नूडल्स. मी इथे नेहमी हेच खातो."

ताटं आली. भात, आणि त्यावर हाताएवढा मांसाचा तुकडा. आम्ही दोघंही न खाणारे.

"बटणं बदलली वाटतं," तो पुटपुटला.

"वर लिहिलं असेल ना?"

"लिहिलंय. पण वाचतंय कोण?"

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"इथलं? छे! आठ वर्षं झाली येऊन, बोलता येतं कामापुरतं. पण वाचायचं म्हटलं, की माझी पाटी कोरी. तुमच्या भाऊजींना तरी कुठे येतं? चुकीच्या दिवशी कचरा ठेवतात, आणि शेजारीण पिशवी परत दाराशी आणून ठेवते."

ती पिशवी मी स्वतः दोनदा आत आणली होती. इंजिनियर माणूस, मला वाटायचं विसरत असतील. मी त्या ताटाकडे बघत बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, न वाचता येणारी मी एकटीच...

"मग खिडकीत जाऊन विचारायचं," मी म्हटलं.

"विचारायचं? सगळे बघतील ना!"

मी ताट उचललं आणि खिडकीपाशी गेले. आत डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती. मी मांसाकडे बोट दाखवून हात जोडले, मान हलवली. मग पातीचा कांदा दाखवला, नूडल्सचं पातेलं दाखवलं, पोटावर हात फिरवला. ती इतकी हसली, की आतून आणखी दोघी बघायला आल्या. दोन वाडगे वाफाळते नूडल्स मिळाले. त्या रश्श्यात मासळी उकळलेली असते, हे मला पुढे कळलं. तेव्हा कळलं नाही ते बरं झालं.

"कसं जमवलंस?" विश्वनाथने विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्यालाही कळलं नसावं.

"जन्मभर हेच करते. एसटीची पाटी कळत नाही, तर विचारते. लाजले तर घरी कशी पोचेन?"

"मी लाजलो. म्हणून आठ वर्षं एकच बटण." त्याने काड्या खाली ठेवल्या. "पुण्याला काय सांगणार आहेस?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सिंधूताईंनी. तांदूळ देताना."

"हो म्हणणार आहे."

"आवडले?"

"बघितलेही नाहीत. ते चालवून घेताहेत, तेच पुष्कळ."

त्याने वाडगा बाजूला सारला. बाहेर पाऊस थांबून तळ्यावर ऊन आलं होतं. मग हळूच म्हणाला, "प्रभावती, मी... मला चालवून घ्यायचं नाहीये. मला तू हवी आहेस. पहिल्यांदा दार उघडलंस ना, तेव्हापासून."

"नूडल्स गार होताहेत," मी म्हटलं.

"होऊ दे. उत्तर दे."

"आधी रविवार होऊ द्या. ज्याला त्याला तोंडावर सांगेन मी."

योकोहामापर्यंत तो गुणगुणत होता. मी पुढचा रस्ता बघत होते. जाताना खिडकीतून मागे पळणारं बघितलं होतं, येताना समोरून येणारं.

रविवारी फोन वाजला. ताईने उचलला आणि बोलणार, तेवढ्यात मी हात पुढे केला.

"मी प्रभावती बोलतेय. माझा नकार आहे."

पलीकडून स्थळाकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, शिक्षणाचं आम्ही काही मनावर घेतलेलं नाही."

"मी घेतलंय. मला आता शिकायचंय. आणि माझं मन दुसऱ्या माणसावर आहे."

ताई डोळे फाडून बघत होती. "प्रभे! कोण दुसरा माणूस?"

"तूरडाळ," मी म्हटलं, आणि तशीच चपला घालून जिना उतरले. तो खाली गाडीला टेकून उभा होता, हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखा. तेव्हा मी त्याला हो म्हटलं.

डिसेंबरात आमचं लग्न झालं. पुढे आम्ही जपानातच ओजिमाला राहायला गेलो. तिथे जपानी शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाला दोघं एका बाकावर बसायचो. मला आधी जपानी अक्षरं आली, मराठी नंतर, ती त्याने शिकवली.

सिंधूताई दोन हजार अठरा साली पुण्यात वारली. विश्वनाथ त्याच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात, ओजिमाच्या घरातच, सकाळी गेला.