लॉक काढलेला फोन

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एकाच सिमकार्ड कंपनीला बांधलेले जुने फोन उघडून देणं हे माझं खास काम. पूर्वी कंपन्या हँडसेट स्वस्तात द्यायच्या, पण त्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड टाकलं की फोन कोड मागायचा. त्यातल्या काही कंपन्या आता बंद पडल्यात. म्हाताऱ्या माणसांना बटणांचाच फोन लागतो, म्हणून लोक कपाटातले जुने फोन काढून आणतात. फोनच्या बॅटरीखाली पंधरा आकडी नंबर असतो. त्यावरून मी कोड काढतो, दाबतो, लॉक जातो. फोन कुणाचा, हे मी कधी विचारत नव्हतो.

गेल्या ऑगस्टमध्ये दुपारी चारच्या सुमारास एक माणूस असाच फोन घेऊन आला. फोनला ओला चिखल होता.

"सोमेश्वरनगरच्या रस्त्याला सापडला," तो म्हणाला.

मी चिखल पुसत होतो, तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'आई'. मी त्या माणसाकडे पाहिलं. त्यानं तोंड रस्त्याकडे फिरवलं. मी फोन कट केला. तो पुन्हा वाजला. मग मी बॅटरी काढली, आतलं कार्ड मोडून कचऱ्यात टाकलं आणि माझं कार्ड घालून कोड दाबला. स्क्रीनवर एका तरुणाचा फोटो होता, वासराच्या गळ्यात हात टाकलेला. तोही मी पुसला आणि फोन त्या माणसाला दिला.

तिसऱ्या दिवशी तोच फोटो पेपरात दिसला. इंद्रजित नाव. एमआयडीसीत कामाला होता. इंदापूरला जातो म्हणून घरातून निघाला होता, त्यामुळं घरचे दोन दिवस त्याच रस्त्याला शोधत राहिले. तो सोमेश्वरनगरच्या बाजूला, उसाच्या कडेच्या पाण्याच्या चारीत मोटारसायकलखाली अडकलेला सापडला. डॉक्टरांच्या अंदाजानं, फोन माझ्याकडे आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो जिवंत होता.

फोन उचलून मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या बायकोला, नौशीनलाही नाही.

पंधरा दिवसांनी मी एक फोन उघडला. कार्ड अजून टाकलेलं नव्हतं. तरी नेटवर्कच्या सगळ्या दांड्या भरल्या आणि फोन वाजला. 'आई'. घड्याळात चार वाजले होते. जुना फोन आहे, सर्किट बिघडलं असेल, असं म्हणून मी बॅटरी काढली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फोनवर तेच. त्याच्या मेमरीत एकही नाव नव्हतं.

मग सुप्याच्या सितारा मॅडम आल्या. त्यांनी महिन्याभरापूर्वी सासऱ्यांसाठी फोन उघडून नेला होता.

"वाजिदभाई, रोज चारला याच्यावर आई म्हणून फोन येतो. सासऱ्यांची आई तर कधीच गेली."

"उचललात का?"

"उचलला. कुणी बोलत नाही. नुसतं पाणी वाहतंय."

त्या दिवसापासून मी लॉक काढायचं काम बंद केलं. शेवटी पेपरात दिलेलं गाव शोधत मी इंद्रजितच्या आईकडे गेलो. जयवंताबाई एकट्याच होत्या, ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"वाजत हुता तवा तुमी नाव वाचलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"वाचलं होतं, मावशी."

"काय हुतं?"

"आई."

त्यांनी मान हलवली. शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी रोज चारला लावते त्याला. त्याच नंबरावर. आदी कोन उचलायचं न्हाय. आता त्यो उचलतो."

"मावशी, ते कार्ड मी मोडलंय."

"व्हय. सांगितलं त्यानं."

चार वाजले. त्यांनी फोन लावून कानाला धरला.

"आलेत ते," त्या म्हणाल्या. "व्हय. देते."

फोन माझ्या हातात आला.

पाणी वाहत होतं. हळू, अगदी कानाजवळ.

मग एक दमलेला आवाज आला. त्यात राग नव्हता.

"दादा, अजून किती वेळ लागंल?"

मला माफी मागायची होती. तोंडातून वेगळंच निघालं.

"आलोच," मी म्हणालो.

फोन कट झाल्याचा आवाज आला नाही. मी तो जयवंताबाईंना परत दिला, तेव्हा स्क्रीनवर कॉलचे सेकंद पुढं सरकत होते.

याला आज एकवीस दिवस झाले. परवा मी पुन्हा गेलो होतो. फोन भिंतीतल्या देवळीत चार्जरला लावलेला आहे. मी म्हणालो, "मावशी, ठेवून द्या आता."

"ठिवू कसा?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी येतो म्हनलाय. त्यो थांबलाय."

स्क्रीनवरचे सेकंद पुढं सरकतच होते.