सहा रविवारांचा शॉवर

दारात उभा असलेला माणूस डोक्यापासून खांद्यापर्यंत भिजला होता, आणि बाहेर तर ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं होतं.

"माफ़ कीजिए... आपके बाथरूम में कुछ बह रहा है क्या?"

पद्मजा उत्तर देणार तोच आतून वडिलांची हाक आली, "पद्मे, टब भरला का बघ गं!"

त्या माणसाच्या कपाळावरची आठी एकदम सुटली. "भरला असावा," तो चक्क मराठीत म्हणाला. "माझ्या उशीपर्यंत आलाय."

हा श्रीरंग. खालच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला, मोटारींच्या नव्या कारखान्यात नकाशे काढणारा.

पद्मजाचे वडील विश्वनाथराव निवृत्त झाले, दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि बापलेकीने गुडगावात हा फ्लॅट घेतला. बिल्डरने हौसेने बाथटब बसवून दिला होता. त्यात लोळणार कोण? पाणी सकाळी तासभर यायचं, म्हणून दोघं त्यात दिवसभराचं पाणी साठवायची. पण टबाची तोटी सोडली की वरचा शॉवरही गळायचा. ते पाणी टबाच्या काठावर आपटायचं, फरशीवर उडायचं आणि मुरत मुरत खाली श्रीरंगच्या छतातून टपकायचं.

"सोपं आहे. शॉवरचा वॉशर गेलाय," श्रीरंग म्हणाला आणि पुढच्या रविवारी पान्हा घेऊन आला.

वॉशर बदलला. शॉवर गळतच राहिला.

तिसऱ्या रविवारी पद्मजा स्टूल धरून उभी होती. "कारखान्यात तुमच्या नकाशावरून खरंच गाड्या बनतात?"

"बनतात की."

"मग मी आपली बसनेच जाईन."

तो इतका हसला की पान्हा टबात पडला. दोघांनी एकदम हात घातला... पाण्याखाली बोटं बोटांना लागली, आणि पान्हा तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात ती नवा वॉशर आणायला करोल बागेत गेली. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बहनजी, ऊपर कुछ नहीं है. नीचे की टोंटी खोलो. खारा पानी है, चूना जमा होगा. नीचे रास्ता नहीं मिलता, तो पानी ऊपर चढ़ता है."

पद्मजाने ते ऐकलं. आणि वॉशरच घेऊन घरी आली.

नळ दुरुस्त झाला की हा कशाला जिने चढून येईल? रविवार उजाडला की तिला वाटायचं – आज याला कळलं तर? तो मान वर करून शॉवरशी झटत राहायचा, आणि ती तोटीसमोर पदर खोचून उभी राहायची. पदराला काय, सगळं झाकता येतं. पण रात्री छतातले थेंब चुकवायला खाली खाट सरकवल्याचा आवाज आला की तिचा डोळा लागत नसे.

सहाव्या रविवारी विश्वनाथरावांनी हॉलमधूनच सांगितलं, "श्रीरंग, आता पुरे हो. उद्या प्लंबर येतोय."

श्रीरंगचा हात थांबला. "एवढंसं काम जमलं नाही मला," तो हळूच म्हणाला. "काकांना काय वाटत असेल... आणि तुम्हाला?"

त्याचा उतरलेला चेहरा तिला पाहवेना. उद्या प्लंबरच्या तोंडून कळण्यापेक्षा –

"दोष वर नाही," ती म्हणाली. "खाली आहे. तोटीत. मला... तीन आठवड्यांपासून माहीत आहे."

तो स्टुलावरून उतरला. "तीन आठवडे? माझ्या अंगावर पाणी टपकतंय, पद्मजा! गादी वाळत नाही. आणि तू स्टूल धरून नुसती उभी?"

"हो."

"पण का?"

ती फरशीकडे बघत राहिली. "नीट झालं असतं तर तुम्ही आला असता?"

गुडघे टेकून त्याने तोटी फिरवून काढली. आत पांढरा थर दगडासारखा बसला होता. तो खरवडत होता आणि त्या प्रत्येक ओरखड्यासरशी तिला वाटत होतं... संपलं. हा आता जाणार.

तोटी परत बसली. पाणी सोडलं. धार टबात जोरात कोसळली; वरचा शॉवर गप्प.

"झालं," तो म्हणाला. हात पुसले. दारापर्यंत गेला. तिथे थांबला.

"मी आलो असतो," तो वळून म्हणाला. "वेडे, कारणाशिवायही आलो असतो. फक्त धीर होत नव्हता. काकांशी बोलू?"

पद्मजाने मान डोलावली – एकदा, आणि त्याला दिसली नसेल तर म्हणून पुन्हा एकदा.

हॉलमध्ये पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. श्रीरंगचा आवाज आधी अडखळला, मग जरा स्थिर झाला.

"पद्मे," विश्वनाथरावांनी हाक मारली, "बाहेर ये. हा जे म्हणतोय ते तुझ्यासमोर म्हणू दे. आणि उत्तर तू दे, मी नाही."

ओले हात पदराला पुसत ती बाहेर गेली.