शिपायाचं सोंग

लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आकाराम बहुरूपी सकाळीच दहिवडीच्या ओढ्याकाठच्या पालातून निघाला, तो रोजच्यासारखा दाणे मागायला. अंगात साताऱ्याच्या बाजारात घेतलेला जुना खाकी कोट, ओठावर काजळाच्या मिशा. माण मुलखातले शिपाई त्या वर्षी पलटणीतून सुटून घरोघर परतत होते, तेव्हा हे सोंग चालणार हे त्याने बरोबर हेरलं होतं. माणूस मोठा इरसाल. दारात असा कडक सलाम ठोकायचा की घरधनी दचकून उभा राहायचा. मग पोरं खिदळायची आणि मालकीण मूठभर बाजरी झोळीत टाकायची. दाणे पडले की सोंग संपलं. उंबऱ्याच्या आत मात्र बहुरूप्याने जायचं नाही, आणि कुणाच्या घरच्या माणसाचं सोंग तर कधीच घ्यायचं नाही, ही त्यांच्यातली जुनी शिस्त होती.

त्या दिवशी गावात कुणी काही घातलं नाही. दुष्काळात हसायला तरी कुणाला फुरसत! पालात बायको शालूबाई आणि लहानगी चंद्रा उपाशी होत्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आकाराम गावाबाहेरच्या एका घरापाशी पोचला. एवढ्या उन्हात कावळासुद्धा ओरडत नव्हता. आतून फक्त जात्याची घरघर येत होती.

त्याने टाचा जुळवून सलाम ठोकला. जातं थांबलं.

"मानसिंग... आलास व्हय रं?"

दारात एक म्हातारी उभी होती. ही मैनाबाई. हिचा एकुलता एक लेक लढाईवर गेला तो परतलाच नाही, हे आकारामने गावात ऐकलं होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण आतून गरम माडग्याचा वास आला आणि त्याची जीभ उचलली नाही.

"व्हय, आई," तो म्हणाला, आणि त्याने उंबरा ओलांडला.

आत काळोख होता, आणि बंद पेटीतल्या कपड्यांचा कुबट वास. म्हातारीने भाकरी वाढली, हुलग्याचं माडगं वाढलं, आणि तो जेवत असताना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हात थंडगार होता. आकारामला स्वतःची शरम वाटली, मनापासून वाटली, पण पोट ऐकेना. उठताना त्याची नजर जात्याकडे गेली. जात्यात दाणा नव्हता. भोवती पीठही नव्हतं.

तो दाराकडे सरकला.

"आई... मी बहुरूपी हाय. आकाराम माजं नाव. चार दाणे घाला, सोंग उतरू द्या..."

"पोटच्या लेकाला भीक घालू व्हय?" म्हातारी हसली. "जा, जरा फिरून ये."

ओढ्यातल्या डबक्यावर येऊन त्याने तोंड धुतलं. काजळ निघेना. मिशी ओढली तर कळ आली. ती ओठातूनच उगवली होती. हनुवटीवर एक जुना व्रण हाताला लागला. तिथे त्याला आयुष्यात कधी जखम झाली नव्हती.

तो पळत पालावर आला. "शालू! अगं, मी..."

शालूबाईने पदर सावरला आणि आत हाक मारली. "आवं, बगा की, कुनी शिपाई आलाय."

आतून जो माणूस चंद्राला कडेवर घेऊन बाहेर आला, तो आकाराम होता. तेच तोंड, तोच पाय ओढत चालण्याचा ढंग.

खऱ्या आकारामने शपथा घातल्या. बायकोच्या माहेरची नावं सांगितली, चंद्रा जन्मली ती रात्र सांगितली. सगळी पालं गोळा झाली. दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्याने तरी विश्वास ठेवला असता. पण ही बहुरूप्यांची वस्ती! इथे माना डोलू लागल्या.

"लय झ्याक वठवलंस गड्या!" एक म्हातारा म्हणाला. "रडनं तर पार खऱ्यावानी. कुनी शिकिवलं रं तुला?"

तो जितका रडे, तितकी वाहवा होई.

"आबा, शिपाई का रडतोय?" चंद्राने विचारलं. तिने विचारलं ते त्या दुसऱ्याला. आकारामचं काळीज फाटलं. आता कुणाला काय सांगायचं?

गर्दी पांगली. दुसऱ्याने पोरीला खाली ठेवलं, जवळ आला आणि हळूच म्हणाला, "रडू नगंस... म्हातारी वाईट न्हाई. पोटभर घालती. दिवं लागायच्या आत जा."

"तू... तू कोन रं?"

त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. डोळे भरून आले त्याचे.

"मीबी बहुरूपीच. माजीबी पोरं हुती कुठंतरी... आता नावं आठवत न्हाईत."

आकारामला जायला दुसरी जागा नव्हती. सूर्य टेकला तसे त्याचे पाय आपोआप त्या घराकडे वळले. दार उघडंच होतं. पाट मांडला होता.

"लय येळ केलास," भाकरी वाढता वाढता मैनाबाई म्हणाली. "तुज्या आधीचा येवढा येळ लावत नव्हता."