कोपऱ्यातली घार

श्रीधरराव दळवी खुर्चीत बसले आणि कॅमेऱ्याची काळी बॅग त्यांनी मांडीवर घेतली. टेबलावर ठेवा म्हटलं तरी ठेवली नाही.

रूपश्री मोहितेचं कोरमंगलातलं ऑफिस म्हणजे एका पीजीच्या खाणावळीवरची खोली. सांबाराचा वास फुकट. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर तिने इथे स्वतःची पाटी लावली होती. तिचा मामेभाऊ मधुकर पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तिच्या मदतीला असे. स्कूटर चालवणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं ही दोन कामं तो मनापासून करी.

"एकच सांगा, अक्का," श्रीधरराव म्हणाले. "माझ्या पोरीने उडी मारली, की ती पडली?"

के. आर. पुरमला त्यांचं कापडाचं जुनं दुकान होतं. अनुषा एकुलती एक. विद्यापीठात शिकायची, जवळच पीजीत राहायची आणि रविवारी सकाळी हौशी फोटोवाल्यांच्या गटाबरोबर कॅमेरा घेऊन हिंडायची. कॅमेरा जुना, कुणाकडून तरी घेतलेला. गेल्या वर्षी पदवीदानाच्या आदल्या दिवशी पहारेकऱ्याला ती आवारातल्या जुन्या पाण्याच्या टाकीखाली मरून पडलेली सापडली. तो पोहोचला तेव्हा अंग अजून गरम होतं, एवढं तो सांगत होता.

टाकीवर जायला बंदी होती. वर गेलीच असेल तर फोटोसाठी, असं आधी सगळ्यांना वाटलं. पण कॅमेरा खाली तिच्या शेजारी होता. बॅगेत नीट ठेवलेला, चेन लावलेली, एक ओरखडा नाही. आतलं कार्ड मात्र गायब. कॅमेरा खाली ठेवून वर जाणारी मुलगी फोटो काढायला जात नाही, असं पोलिसांनी म्हटलं आणि फाइल मिटली.

"आदल्या रात्री मी फोनवर ओरडलो होतो. स्थळ आलंय, तो कॅमेऱ्याचा डबा विकून टाक म्हटलं. तिने कार्ड काढून फेकून दिलं असणार. मला उत्तर दिलं तिने. फोटो काढला की लगेच मला पाठवायची. त्या सकाळी आलाच नाही."

त्या दिवसापासून तुंगाबाई नवऱ्याला वाढत होत्या, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हत्या. वर्ष झालं होतं. ते सांगताना श्रीधररावांनी मान वर केली नाही.

मग त्यांनी मोबाइलवर लेकीचे फोटो दाखवले. फुलांचा बाजार, तळं, उड्डाणपूल. "ही घार बघा. वर उजव्या कोपऱ्यात. कुठेही जाऊ दे, आकाशात ही आहेच. मी म्हणायचो, अनू, ही तुझ्या राखणीला असते."

मधुकरला घार फार आवडली. रूपश्रीने सगळे फोटो मागून घेतले आणि बॅगही ठेवून घेतली.

पहिली भेट शमिकाची. ही अनुषाची खोलीतली जोडीदारीण. त्या सकाळी तीही बरोबर जाणार होती, पण झोप लागली, आणि तेवढ्यासाठी ती वर्षभर स्वतःला खात होती. आदल्या रात्री बापाचा फोन ठेवून अनुषा थोडी रडली, मग दहीभात खाऊन शांत झोपली, असं तिने सांगितलं.

"सोमवारी कॅमेरा साफ करायला द्यायचा होता," शमिका म्हणाली. "मेट्रोच्या कामाजवळ भिंग बदलायची, सगळी धूळ आत. आणि फोटो आधी बाबांना, जसाच्या तसा. ग्रुपवर नंतर, निवडून, नीट करून."

जिना उतरताना मधुकरने निकाल देऊन टाकला. झोपले होते म्हणणाऱ्याचा साक्षीदार कोण? रूपश्रीने त्याला स्कूटर सुरू करायला सांगितलं.

गटाचे प्रमुख योगीराज सर्जापूर रोडला चकचकीत फ्लॅटमध्ये राहत. कपाटभर कॅमेरे. तुमच्या फोटोत भिंगच दिसतं, नजर दिसत नाही, असं अनुषाने त्यांना चारचौघांत ऐकवलं होतं आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलेलं अजून कळत होतं. पण त्या सकाळी ते सगळ्या गटाबरोबर तळ्यावर होते. अनुषाखेरीज आला नव्हता तो एकटा प्रदीपकुमार. यंदाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस त्यालाच मिळालेलं.

"त्याच दिवसाचा फोटो आहे. आवारात जाऊन बघा," ते कुरकुरत म्हणाले. "ती घार नसती तर साधाच होता. परीक्षकही तेच म्हणाले."

विद्यापीठाच्या सभागृहात तो फोटो दारासमोरच होता. उंचावरून घेतलेला. धुक्यात गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं, मैदानावर पदवीदानाचा लाल-पांढरा मांडव आणि वर फिकट आकाशात, उजव्या कोपऱ्यात, एक घार. खाली नाव दिलं होतं: 'घार'. रूपश्री बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. मधुकर चहा शोधायला गेला.

प्रदीपकुमार तिथेच शिकवत असे. निपाणीकडचा, मराठी बोलणारा, म्हणून दळव्यांच्या घरी त्याला मान होता. तेव्हा तो हंगामी होता, घटनेनंतर महिन्याभरात कायम झाला. बोलायला मऊ. त्या पहाटे आपण ग्रंथालयाच्या गच्चीवर होतो, तिथूनच हा फोटो घेतला, अनुषा दिसलीच नाही, खाली आलो तेव्हा गर्दी झाली होती, असं त्याने सांगितलं.

"काकांना म्हणावं, स्वतःला दोष देऊ नका. तेराव्यालाही मी हेच सांगितलं होतं."

दोघं ग्रंथालयाच्या गच्चीवर गेली. मांडव दरवर्षी कुठे असतो ते शिपायाने दाखवलं. मधुकरला त्या बाजूचा फोटो बायकोला पाठवायचा होता. तो गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोबाइल धरून फिरला आणि वैतागला.

"कुठूनही काढ, ही मेली टाकी मधेच तडमडते."

रूपश्री त्याच्याकडे वळली. "मधुअण्णा, आज तुम्ही काम केलंत," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रदर्शन बंद झाल्यावर तिने सगळ्यांना सभागृहात बोलावलं. श्रीधरराव आले. तुंगाबाईही आल्या आणि नवऱ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या. शमिका, योगीराज आणि प्रदीपकुमार भिंतीशी उभे होते.

रूपश्रीने अनुषाचा कॅमेरा बाहेर काढला, त्यात नवं कार्ड घातलं आणि समोरच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला. मग पडदा तुंगाबाईंसमोर धरला.

भिंतीवर, उजव्या कोपऱ्यात, घार होती.

"ही घार नाही," रूपश्री म्हणाली. "कॅमेऱ्याच्या आत बसलेला धुळीचा तंतू आहे. भिंत असो, आकाश असो, उजळ जागा मिळाली की तो त्याच कोपऱ्यात उमटतो. अनुषा तो सोमवारी साफ करून घेणार होती. ग्रुपवर टाकताना पुसायची, म्हणून तुम्हा लोकांना कधी दिसला नाही. बाबांना मात्र जसाच्या तसा जायचा." तिने बक्षिसाच्या फोटोकडे बोट केलं. "तोच तंतू इथे, त्याच जागी. हा फोटो अनुषाच्या कॅमेऱ्याने काढलेला आहे."

प्रदीपकुमार म्हणाला की तिने आपल्याला कधीतरी कॅमेरा वापरायला दिला असेल.

"त्या दिवशी तुम्ही तिला पाहिलंच नाही म्हणालात. आणि हा फोटो त्याच पहाटेचा, हेही तुम्हीच सांगितलंत. शिवाय ग्रंथालयाच्या गच्चीवरून टाकी चुकवून मांडव दिसत नाही. या फोटोत सगळं आवार दिसतं, टाकी तेवढी दिसत नाही. आपण ज्याच्यावर उभे असतो ते फोटोत येत नाही. तुम्ही दोघं वर होतात. ती पडली तेव्हा कॅमेरा तुमच्या हातात होता, म्हणून त्याला ओरखडा नाही. मूळ फाइल मागवू का? त्यात कॅमेऱ्याचा क्रमांक असतो."

तो खाली बसला. योगीराज त्याच्यापासून बाजूला सरकले.

"फोटो तिनेच काढला," तो म्हणाला. "फार खूश होती. म्हणाली, अण्णा, जरा धरा, मी पलीकडून बघते. कठडा गंजलेला होता." टाकीच्या जिन्याची किल्ली त्यानेच मिळवली होती. महिन्याभरात नोकरी कायम व्हायची होती. कार्डावर तिने काढलेले त्याचेही फोटो होते, म्हणून कार्ड घेतलं. "कॅमेरा बॅगेत ठेवला. सवयीने. चेन लावली. त्याचा असा अर्थ होईल हे मला कळलं नाही."

"तेराव्याला कळलं होतं," रूपश्री म्हणाली. "या माणसाने तुमच्यासमोर रडून विचारलं, मुलीने माझ्यामुळे जीव दिला का. तुम्ही म्हणालात, दोष देऊ नका. आणि वर्षभराने तिचा फोटो स्वतःच्या नावावर लावलात."

"इतका चांगला होता, ठेवून देववेना. मला खरंच घार वाटली."

मधुकरला पाणी हवं होतं, पण मागायला धजावला नाही.

मग श्रीधरराव उठले आणि फोटोपाशी गेले. "म्हणजे तिने उडी नाही मारली," ते स्वतःशीच म्हणाले. "हा मला पाठवणार होती." काचेवरच्या त्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. वर्षभर त्यांच्या छातीवर बसलेलं काहीतरी उतरताना सगळ्यांना दिसलं. ते वळून बायकोला म्हणाले, "तुंगा, ऐकलंस ना?"

तुंगाबाई प्रदीपकुमारकडे बघत होत्या.

"पहारेकरी आला तेव्हा अंग गरम होतं," त्या म्हणाल्या. "तू खाली उतरलास तेव्हा काय होतं?"

रूपश्रीला हा प्रश्न कालपासून माहीत होता. कोणी विचारू नये एवढीच तिची इच्छा होती.

प्रदीपकुमारने तोंड झाकून घेतलं. "मला बघून 'अण्णा' म्हणाली," तो म्हणाला. "दोनदा म्हणाली. मला वाटलं, पहारेकरी येईलच. मी फाटकापाशी जाऊन थांबलो."

श्रीधररावांचं बोट काचेवरून खाली आलं. तुंगाबाई त्यांच्याकडे वळल्या आणि वर्षानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "वाचली असती."