आज रस्ता बंद?

बस थेट फाटकाशी येऊन थांबली, तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध बॅटरी घेऊन उभी होती. ड्रायव्हरनं सूचना वाचलीच नव्हती. खिडकीतून डोकावून त्यानं विचारलं, रस्ता बंद कशासाठी? बेडकांसाठी, ती म्हणाली. रानातले बेडूक आज अंडी घालायला पलीकडच्या तळ्यात उतरणार होते, आणि रस्ता नेमका मध्ये येत होता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. डांबरावर चिटपाखरूही नव्हतं.

"त्यांना निरोप पोचला नाही वाटतं..." तो म्हणाला, आणि बस मागे घेता घेता असा काही हसला, की तिला धड रागावताही येईना.

वनखात्यात तिचं कामच ते. जमिनीची ऊब, ओल आणि वारा बघून रोज दुपारी त्या संध्याकाळचा अंदाज सांगायचा. निम्म्याहून जास्त शक्यता निघाली, तर फाटक लावायचं आणि बस लांबच्या रस्त्यानं पाठवायची. अंदाज चुकायचाही. म्हणून रस्ता उघडा असला, तरी दिवेलागणीला ती झाडीत उभी राहून बघायचीच.

पुढे जेव्हा जेव्हा फाटक लागलं, तेव्हा लांबची फेरी संपवून ड्रायव्हर बादली घेऊन चालत हजर. बेडूक उचलून पलीकडे पोचवायला, म्हणे. बादलीत बेडूक सोडताना बोटांना बोटं लागायची आणि दोघंही बेडकाकडेच बघत राहायची. घरी आत्याच्या नजरेतून काही सुटेना. "जगातल्या बेडकांचं भविष्य सांगतेस, आणि स्वतःचं गं?" ती विचारायची.

मग एकदा पुन्हा फाटक लागलं आणि बेडूक फिरकलेच नाहीत. प्रवाशांनी आरडाओरडा केला. साहेबांनी तिला बोलावून बजावलं, आणखी एकदा रस्ता उगाच बंद झाला, तर या हंगामापुरतं फाटक विसरायचं. म्हणजे उरलेले बेडूक चाकांखाली.

आणि नंतरच्याच आठवड्यात आकडा आला तो अगदी काठावर. ना धड हो, ना धड नाही. मन म्हणत होतं, बंद कर. पण मनाला बेडूक हवे होते की बादलीवाला? तिचं तिलाच कळेना. स्वतःवरचा विश्वासच उडाला बिचारीचा, आणि तिनं रस्ता उघडा ठेवला.

संध्याकाळी भुरभुर सुरू झाली. झाडीतून एक बेडूक टपकन डांबरावर आला. मागून दुसरा... आणि मग अख्खा उतारच हलायला लागला. तेवढ्यात वळणावर बसचे दिवे दिसले. बॅटरी हलवत ती धावत सुटली.

बस जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरनं का, कशाला, काहीसुद्धा विचारलं नाही. त्यानं दिवे लुकलुकते ठेवले, सीटखालून बादली काढली आणि खाली उतरला. कुरकुरत उतरलेले प्रवासी समोरचं दृश्य बघून पुढे सरसावले. मग कुणी टोपी पुढे केली, कुणी पिशवी. सगळ्यात शेवटी उतरली ती बाजारातून परतणारी आत्या. छत्री उलटी धरून ती तिच्यात बेडूक गोळा करायला लागली.

"चुकलं माझं," बॅटरी खाली करत ती ड्रायव्हरला म्हणाली. "बंद करायला हवा होता. मन सांगत होतं... म्हणूनच नाही केला."

"म्हणूनच? का बरं?"

"कारण रस्ता बंद असला की तुम्ही येता."

त्यानं हातातला बेडूक अलगद बादलीत सोडला.

"उघडा असला तरी येतोच की," तो हळूच म्हणाला. "रोज या वळणावर बस हळू करतो. झाडीत तुमची बॅटरी दिसली की मग पुढे जातो. प्रवासी ओरडतात, ओरडू देत. आवडता तुम्ही मला... फार."

तिला हसूही आलं आणि रडूही. भिजल्या हातानं तिनं त्याचा भिजलेला हात धरला.

"उद्याचा अंदाज काय?" त्यानं विचारलं.

"उद्या बंद. आज इतके उतरलेत, म्हणजे उद्याही उतरणार. साहेबांना तसंच सांगेन, बेडकांकडे बघून. तुमच्याकडे बघून नाही." ती थांबली. "पण तुम्ही या..."

"येईल गं तो," छत्री सांभाळत आत्या म्हणाली. "आधी हे बेडूक घ्या माझ्याकडून, हात भरून आले."