मैदानावरची ‘आई’

साठ मीटर उंचीचं अक्षर एखाद्याला वाचता येऊ नये, असं कधी ऐकलंय? वल्लरीच्या बाबतीत हे झालं, आणि तेही नेमकं आईच्या बाबतीत.

वल्लरीची आई सात महिन्यांपासून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘अरुंधती’ यानात होती. शुक्रवारी यान मंगळाकडे निघणार, मग तीन वर्षं भेट नाही. रोज स्क्रीनवर बोलणं व्हायचं, पण तेवढ्याने मन भरत नव्हतं. आईने वरून खाली बघावं आणि आपण लिहिलेलं तिला दिसावं, एवढाच वल्लरीचा हट्ट होता. म्हणून तिने शाळेच्या लाल मैदानावर फक्कीने (कबड्डीच्या रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीने) भलंमोठं ‘आई’ लिहिलं.

अक्षरं होती ‘झेप’ या फॉन्टची. अक्षरशास्त्रज्ञ असलेल्या आजोबांनी तो आपल्या लेकीच्या, म्हणजे वल्लरीच्या आईच्या बोरूच्या अक्षरावरून पोस्टरसाठी घडवला होता. जाड रेघा पैलवानासारख्या, बारीक रेघा केसासारख्या, आणि सगळं अक्षर बस सुटत असल्यासारखं पुढे झुकलेलं!

मंगळवारी यान डोक्यावरून गेलं. संध्याकाळी आईने फोटो दाखवला. त्यात नुसते तिरके पांढरे ओंडके.

“छान आहे गं, पण हे आहे काय?”

“काही नाही,” म्हणत वल्लरीने कॉल बंद केला आणि उशीत तोंड खुपसून पोटभर रडली.

“चूक माझी,” आजोबा म्हणाले. “हा फॉन्ट मोठ्या आकारातच वापरा, असं मी जन्मभर सांगत आलो. साठ मीटर म्हटल्यावर मीही डोळे झाकून हो म्हणालो.”

“मोठंच तर होतं!”

“जमिनीवर. बघणाऱ्याला किती मोठं दिसतं, ते खरं. आईच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल (फोटो ज्या चिमुकल्या चौकोनांनी बनतो, त्यातला एक चौकोन) म्हणजे इथली एक मीटर जागा. तुझी बारीक रेघ वीतभर. चौकोनात वीतभर पांढरं, बाकी लाल माती. कॅमेरा दोन्ही कालवून एकच रंग दाखवतो. बादलीभर चहात चमचाभर दूध!”

“मग आता?”

“साधी, सारख्या जाडीची अक्षरं काढू.”

“नाही. आईला तिचं अक्षर ओळखू यायला हवं.”

आजोबा म्हणाले, “शिशाचे खिळे (छपाईची अक्षरं) होते, तेव्हा कारागीर लहान आकारासाठी तेच अक्षर वेगळं कोरायचे. वळण तेच, फक्त बारीक रेघा जरा जाड.”

फक्कीचं एकच पोतं उरलं होतं. गुरुवारी सकाळी दोघांनी बारीक रेघा दोन-दोन मीटर रुंद केल्या. कल तसाच ठेवला. पोतं झटकून झाल्यावर वल्लरीने विचारलं, “आजोबा, मी दिसेन?”

“नाही गं बाळा. तू पिक्सेलपेक्षा अरुंद.”

तिचा चेहरा पडला. पण चमचाभर दूध डोक्यात घोळत होतं. चौकोन भरायला हवा, आणि रंग आजूबाजूपेक्षा अगदी वेगळा हवा! ती पळत जाऊन आजोबांची मोठी काळी छत्री घेऊन आली आणि सर्वांत जाड पांढऱ्या रेघेवर मधोमध उभी राहिली.

नऊ वीस झाले. यान आत्ता डोक्यावर असणार होतं. वर बघावंसं तिला फार वाटलं, पण छत्री कलली असती. काळ्या कापडाकडे बघत ती ताठ उभी राहिली.

संध्याकाळी आई स्क्रीनवर आली. तिच्या हातातल्या फोटोत झुकलेलं, ठसठशीत ‘आई’ होतं. एका काळ्या ठिपक्यावर तिचं बोट होतं.

“ही तूच ना?”

“हो,” वल्लरी म्हणाली. “तू येशील तेव्हा मी खूप उंच झालेली असेन.”

“वरून उंची नाही गं दिसत, ठिपकाच दिसतो,” आईने डोळे पुसले. “ती बघायला मला खालीच यावं लागेल.”