भाजी छान झालीय

"भाजी छान झालीय, आई," शर्वरी म्हणाली आणि वृंदाच्या हातातला डाव तसाच राहिला. भाजी दोडक्याची होती.

दोडका दिसला की ही नऊ वर्षांची पोर घर डोक्यावर घ्यायची. मेंदूज्वरातून ती वाचली, पण वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र सापडायचे नाहीत. म्हणून गेला महिनाभर तिच्या कपाळावर वाक्पट्टी होती. मेंदूतली बोलण्याची धडपड हेरून पट्टी वाक्य जुळवायची आणि जुन्या व्हिडिओंतून उचललेल्या शर्वरीच्याच आवाजात बोलायची. त्या आवाजात पहिल्यांदा "आई" ऐकलं तेव्हा वृंदा ढसाढसा रडली होती.

आज मात्र ताटातली भाजी तशीच होती आणि पोरीचं तोंड कडू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी वृंदाने तीच भाजी डब्यात भरली आणि लेकीला घेऊन मिरजेला वाचोपचारतज्ज्ञ तबस्सुम मुजावर यांना गाठलं. "मॅडम, माझी मुलगी इतकी गुणी कधीच नव्हती हो!"

मुजावर मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. "अर्धवट काही हाती लागलं, की पट्टी इतर मुलांच्या बोलण्यावरून उरलेलं वाक्य अंदाजाने पुरं करते. आणि अंदाज नेहमी गोडच असतो. शिवाय आयतं मिळत राहिलं तर तिचा मेंदू स्वतः खटपट करणार नाही."

"आणि काढली तर?"

"शब्द येतील, पण हळूहळू. किती येतील, सांगता येत नाही. तोवर शाळेत गप्प बसावं लागेल."

पट्टी उतरवून वृंदाने डबा उघडला. शर्वरी लाल झाली, ओठ वेडेवाकडे झाले. "न... नको!"

वृंदाने तिला कवटाळलं. नकार इतका गोड लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. "शरू, पट्टी हवी?"

"नको!"

"बघा!" वृंदा म्हणाली.

मॅडमनी बरणीतली चिक्की पुढे केली. "ही हवी?"

"नको," म्हणत शर्वरीने चिक्की पटकन उचलली.

"सध्या तिच्याकडे एवढा एकच शब्द आहे," मॅडम हलकेच म्हणाल्या. त्यांनी पट्टी पुन्हा लावली आणि पट्टी हवी का, असं विचारलं.

"हो, मला पट्टी हवी आहे," तोच गोड आवाज म्हणाला.

कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा? वृंदाने पट्टी काढून लेकीच्या हातात दिली. खरं सांगितलं होतं ते चिक्कीला हात घालणाऱ्या त्या हातानेच.

शर्वरीने पट्टीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मूठ घट्ट मिटली. जपायला, की भिरकावून द्यायला?